एकाहत्तर वेळा अतिशय उत्तम

मी हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या एका मराठी वाचनालयातली जुनी अभिप्रायवही आहे, आणि मला स्तुतीची शिसारी आहे. मित्रांनो, असे बोलणारी वही तुम्हाला कृतघ्न वाटेल. माझ्या दोनशे पानांत एकही शिवी नाही, एकही वाकडा शब्द नाही. एक पान सोडले, तर जे आहे ते सगळे गोडच गोड. त्या गोडानेच मला मळमळते.

माझा जन्म सुलतान बाजारातल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. त्याने माझी पाने दोऱ्याने शिवली, वर लाल कापडाची जिल्द चढवली आणि कोपऱ्यांना काळे चामडे लावले. "सौ साल चलेगी साब," असे तो एकनाथरावांना म्हणाला. एकनाथराव म्हणजे आमच्या वाचनालयाचे चिटणीस. घराणे मूळचे परभणीकडचे, पण ते स्वतः सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. माणूस भला, कुणाचे मन दुखवायला नको म्हणून जपणारा. त्यांनी मला सायकलच्या कॅरियरला बांधून आणले आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नियम लिहिला : 'अभिप्राय मराठीतच लिहावा. चार चांगले शब्द लिहावेत.' पुढे याच नियमाने घात केला.

पहिली काही वर्षे मला फक्त गणेशोत्सवात बाहेर काढत. पाहुणे व्याख्यान देत, पोहे खात आणि 'संस्थेचे कार्य स्तुत्य आहे' असे लिहून जात. ज्याने पूर्ण व्याख्यानभर डुलक्या काढल्या, तोही 'विचारांना चालना मिळाली' असे लिही. मला तेव्हाही ओकारी यायची, पण वहीला पान मिटून घेता येत नाही.

मग देशाची दारे परदेशी मालाला उघडली. घरोघरी केबल आली आणि दिलसुखनगरात गल्लीगल्लीत संगणकाचे क्लास निघाले. आमच्या वाचनालयात मात्र पेपर वाचणारे चार म्हातारेच उरले. तेव्हा एकनाथरावांनी एका कचेरीने मोडीत काढलेला संगणक मिळवला आणि खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कळफलकाला हात लागला की सगळे टेबल डुगडुगायचे. मला त्याच टेबलाच्या कडेला जागा मिळाली, म्हणून पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले.

संगणक आणला तो वैशालीसाठी. वैशाली ही एकनाथरावांची मुलगी. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये शिकली आणि तिथेच शिकवू लागली. दोन वर्षे खपून तिने स्वतः एक खेळ तयार केला होता. नाव 'सात दरवाजे'. एका राक्षसाने किल्ल्यात नदी कोंडून ठेवलेली असते आणि एक मुलगी दिवा आणि तलवार घेऊन सात दरवाजे ओलांडत तिला सोडवायला जाते. किल्ल्याभोवती आपल्या हैदराबादेत असतात तसे एकावर एक रचलेले खडक होते. पडद्यावर ते पाहून मला फार आनंद झाला होता, हे मी खरे सांगते.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस जूनमध्ये हा खेळ पाहायला येणार होता. खेळ पसंत पडला तर कंपनी त्याच्या सीडी काढणार आणि वैशालीला असेच खेळ करायची नोकरी देणार. नापसंत झाला, तर वैशालीने हा नाद सोडून विम्याच्या कचेरीत टायपिंगला लागायचे, असे तिने वडिलांना कबूल केले होते. कंपनीची एकच अट होती. निदान पन्नास खेळाडूंना खेळवा आणि त्यांची मते लिहून ठेवा.

मते म्हटल्यावर एकनाथरावांना मी आठवले. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. गल्लीतली पोरे रांग लावून येऊ लागली. वैशाली दिवसभर क्लासला, म्हणून एकनाथरावच खेळ लावून देत. खेळ झाला की प्रत्येकाला सरबत आणि दोन उस्मानिया बिस्किटे मिळत, आणि मग हातात पेन. खाल्ल्या मिठाला कोण जागणार नाही? त्यातून सुरुवात शुभ व्हावी म्हणून पहिला अभिप्राय एकनाथरावांनीच लिहून ठेवला होता : 'खेळ अतिशय उत्तम. कु. वैशालीचे हार्दिक अभिनंदन.'

आता ही पोरे कुठली? घरात मराठी, शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी, रस्त्यावर दखनी. मराठी लिहायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. आणि नियम तर मराठीतच लिहायचा. मग त्यांनी काय करावे? एकनाथरावांची ओळ जशीच्या तशी उतरवून काढली. दुसऱ्याने पहिल्याची री ओढली, तिसऱ्याने दुसऱ्याची. एका पठ्ठ्याने तर खालची एकनाथरावांची सहीसुद्धा उतरवली.

आणि खेळताना काय चालायचे ते ऐका. तिसऱ्या दरवाजापुढे खंदकावर एक पूल होता. पुलावर खेळाडूने मागे वळून पाहिले, की ती मुलगी खंदकात पडायची आणि पाण्यात तशीच अडकून बसायची. मरायचीही नाही, वर यायचीही नाही. कितीही बटणे बडवा, खेळ पुढे सरकायचा नाही. मग पोरे चिडायची. "क्या हौला गेम है रे!" असे ओरडून कळफलकावर मूठ मारायची. एकनाथराव म्हणायचे, "लाईट कमीजास्त होऊ लागली रे बाबा," आणि बटण दाबून संगणक बंद करायचे. तोच पोरगा मग बिस्किटाचे तुपकट बोट माझ्या पानाला पुसायचा आणि लिहायचा, 'खेळ अतिशय उत्तम.' तोंडाने हौला, म्हणजे खुळचट, आणि हाताने उत्तम! मला त्या बोटांची किळस यायची आणि त्या अक्षरांची त्याहून जास्त.

वैशालीला यातले काही ठाऊक नव्हते. रस्ता तिचा पाठ, ती कशाला मागे वळेल? संध्याकाळी येऊन ती मला उघडायची आणि तिचा थकलेला चेहरा फुलायचा. ते पाहून मला ओरडावेसे वाटे.

सगळ्या पोरांत एकच रेणू वेगळी निघाली. शेजारच्या घरातली, अकरा वर्षांची, नाकावर राग. ती खंदकात चार वेळा अडकली. मग बिस्किटे बाजूला सारून तिने पेन घेतले आणि शाळेतल्या हिंदी अक्षरांत माझे पूर्ण पान भरले. 'तीसरे फाटक के पुल पे पिच्छे मुड़े तो लड़की पानी में अटक जारी. मरती नै, निकलती नै. मैं चार बार अटकी. दीदी, पहले ये सुधारो. और राक्षस से डर नै लगता, वो मेरे मामा जैसा दिखता.' मित्रांनो, माझ्या अंगावर पहिल्यांदा कुणीतरी खरे लिहिले होते. मला वाटले, आता माझा जन्म सार्थकी लागला.

एकनाथरावांनी चष्मा पुसून ते वाचले. "हे काय लिहिलीस ग बाळ? मराठीत नाही, अन् चांगलंही नाही. ताईला वाईट वाटंल ना." असे म्हणून त्यांनी ते पान माझ्या शिवणीतून टरकन फाडले. राग म्हणून नाही, मुलीच्या मायेपोटी फाडले. पण वेदना तीच. मग त्यांनी त्याची चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचे थांबले. एकनाथराव खूश झाले. रेणूला त्यांनी पुन्हा पेन दिले. तिने ओठ घट्ट मिटून वरची ओळ उतरवली. तो एकाहत्तरावा 'अतिशय उत्तम'.

जूनमध्ये मुंबईचा माणूस आला. त्याचे नाव प्रमोद. त्याने आधी मला हातात घेतले. एक पान वाचले, दुसरे उलटले, मग भराभर सगळीच उलटली. मला मिटून तो खेळायला बसला. वैशाली त्याच्या मागे उभी होती, एकनाथराव दाराशी. पहिला दरवाजा गेला, दुसरा गेला. प्रमोद पुढे वाकून बसला होता, त्याला खेळात गोडी वाटू लागली होती. तिसऱ्या दरवाजाच्या पुलावर त्याने मागे वळून पाहिले.

मुलगी पाण्यात अडकली. त्याने दहा मिनिटे सगळे करून पाहिले. शेवटी हात मागे घेतले.

"तुमच्या एकाहत्तर खेळाडूंपैकी पुलावर एकही मागे वळला नाही?" त्याने विचारले.

वैशालीने पुढे वाकून स्वतः दोन बटणे दाबून पाहिली.

"की ही वही तुम्ही घरीच बसून लिहिलीत?"

"नाही हो, मुलांनीच लिहिलंय. शपथ," ती म्हणाली. पण सगळीकडे तीच एक ओळ, अगदी 'कु. वैशाली'सकट. कोण विश्वास ठेवणार? प्रमोदने मला दोन बोटांनी बाजूला सारले. उष्टी बशी सारावी तसे. आजवर मी दुसऱ्यांची किळस करत आले होते. त्या दिवशी कुणालातरी माझी किळस आली, आणि ती वाजवी होती.

तो गेल्यावर वैशालीने खिडकीतून रेणूला हाक मारली. "तूही अडकली होतीस का ग?"

"हौ ताई. मैं लिखी थी ना! सच्ची लिखी थी. काकांनी फाडले."

वैशालीने वडिलांकडे पाहिले. एकनाथराव टेबलापाशी आले. गुडघे धरत खाली वाकले आणि त्यांनी टेबलाच्या पायाखालची घडी ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगले. वैशालीने पान उलगडून वाचले. मामाच्या ओळीपाशी तिला हसू आले आणि त्या हसण्यातच ती रडू लागली.

"अप्पा, हे दुरुस्त करायला मला दोन तास लागले असते हो. फक्त दोन तास."

"तू परेशान होशील म्हणून ग बाळ," एकनाथराव म्हणाले. मग त्यांनी मला ओढले, आपल्या त्या पहिल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिले, 'मी हा खेळ एकदाही खेळलेलो नाही. एकनाथ.'

वैशालीने ते वाचले. डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "मग आता बसा अप्पा."

रेणूने त्यांना बटणे दाखवली. पहिल्या दरवाजालाच त्यांना अर्धा तास लागला. तिसऱ्याला पोचेपर्यंत त्यांचा सदरा घामाने भिजला होता. पुलावर त्यांनी घाबरून मागे वळून पाहिले, आणि ती मुलगी खंदकात गेली. एकनाथराव पडद्याकडे पाहतच राहिले. "पोर अडकली की ग," ते म्हणाले. "आता हिला बाहेर कसं काढायचं?"

वैशालीने तो दोष पुढच्या रविवारी काढला. पण कंपनीने पुन्हा माणूस पाठवला नाही, आणि सोमवारी ती कबूल केल्याप्रमाणे विम्याच्या कचेरीत रुजू झाली. रेणूचे पान एकनाथरावांनी खळ लावून माझ्यात परत चिकटवले. ते जरा तिरके बसले आहे. आता वाचनालय बंद आहे आणि मी कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काय मागतात ते तुम्हाला माहीत आहे. धूळ पुसा, कव्हर घाला, सांभाळून ठेवा. मला त्यातले काही नको. माझी साठ-सत्तर पाने अजून कोरी आहेत. कुणी मनापासून काही केले असेल, तर ते आधी पाहा, खेळा, वाचा, आणि जिथे अडकलात ते कुठल्याही भाषेत, कितीही वाकड्या अक्षरांत माझ्यावर लिहा. तेवढे जमत नसेल तर ती पाने वाळवीला द्या. वाळवी पान खाते, पण खाऊन झाल्यावर 'अतिशय उत्तम' असे लिहीत नाही.