निळा बगळा रोज खोडतो

माझ्या नवऱ्याला संशयाची बाधा आहे असं मी म्हणते, तो त्याला सावधपणा म्हणतो. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफी मिळते, तीसुद्धा डेल्मर आधी दुसऱ्या कुणाला पिऊ देतो. असल्या माणसाने घराच्या तळघरात बोर्ड चालवायला घेतला, मग काय विचारता.

बोर्ड म्हणजे एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि त्यासाठी घेतलेली दुसरी फोनलाइन. गावातली माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून त्या लाइनवर येतात, एका वेळी एकच, आणि निरोप वाचतात, लिहितात. कुणाला ट्रॅक्टरचा जुना पंप हवा असतो, कुणाला तळ्यावरचा बर्फ गाडीचं वजन पेलेल का ते विचारायचं असतं. इर्मा सोर्लीने देवाघरी जायच्या आधी आपल्या सगळ्या 'पाय'च्या, म्हणजे फळं भरून भाजायच्या गोड पदार्थाच्या, कृती तिथेच लिहून ठेवल्या, तिच्या मुली अजून त्या वाचायला येतात. सहा वर्षांचं बोलणं तिथे साठलं होतं आणि डेल्मरचा जीव त्यात होता.

बोर्ड आपोआप चालत नाही. त्याच्या दिमतीला छोटे छोटे प्रोग्राम असतात, घरगड्यांसारखे. नवा माणूस आला की एक गडी त्याच्या नंबरावर उलटा फोन करून तो खरा आहे का ते बघतो. दुसरा दर शनिवारी दुबार आलेले, निकामी असे शिळे निरोप तेवढे झाडून काढतो आणि उरलेले नीट दाबून बसवतो. तिसरा डेल्मरचा लाडका. आत येऊन कुणी तीन मिनिटं बोट हलवलं नाही की तो लाइन तोडतो. मी त्याला हाकल्या म्हणते. एकदा आमच्या पाद्रीबाबांना निरोप वाचता वाचता डुलकी लागली, तर हाकल्याने त्यांनाही घालवलं. डेल्मरने त्याला कधी म्हणजे कधी बंद ठेवलं नाही.

पूर्वी हे गडी ऑरिन लिहायचा. ऑरिन हाल्वर्सन धान्याच्या कोठारावर हिशेब बघतो. डेल्मरचा शाळेपासूनचा मित्र. बर्फावर बसून मासे धरायची खोपटीसुद्धा दोघांची मिळून एकच. मग गेल्या पानगळीत कुणीतरी डेल्मरचा पासवर्ड वापरून आत शिरलं आणि दर्शनी पानावर त्याच्याबद्दल घाणेरडं लिहून गेलं. डेल्मरने ठरवून टाकलं की ऑरिनच्या प्रोग्राममध्ये चोरवाट आहे. पासवर्ड काय होता, तर आमच्या कुत्र्याचं नाव, आणि ते कुत्र्याच्या पट्ट्यावर लिहिलेलं आहे. हे मी सांगून पाहिलं. पण संशयी माणसाला सोपं कारण कधी पटलंय?

त्याने सगळ्यांना दिसेल असा निरोप लिहिला. ऑरिनला मित्र म्हणून घरात घेतला आणि त्याने घरच फोडलं, त्याचं काही कुणी वापरू नका, असा. आजूबाजूच्या सगळ्या बोर्डांवर तो पसरला. लोकांनी ऑरिनचे प्रोग्राम काढून टाकले आणि दुकानात तो दिसला की बोलणं आवरतं घ्यायला लागले. डेल्मरने त्याचं नाव बोर्डावरून काढलं, खोपटीतला स्टोव्ह घरी आणला आणि ऑरिनच्या गड्यांच्या जागी स्वतः लिहिलेले गडी बसवले. ते त्याला इतके आवडले की ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून बोर्डावरही ठेवून दिले.

पहिला बर्फ पडला आणि 'निळा बगळा' या नावाने कुणीतरी यायला लागलं. डेल्मरला पहिला संशय इथेच आला, कारण हिवाळ्यात बगळे दक्षिणेला जातात. उलट्या फोनच्या परीक्षेत तो पास झाला होता. नंबर पलीकडच्या गावातल्या कुणा बाईचा होता. रोज दुपारी यायचा, नवे निरोप सगळे गठ्ठ्याने उचलून न्यायचा, कुणाशी बोलायचा नाही. वसंत आला तसं आणखी एक सुरू झालं. गठ्ठा उचलला की तो मालकाला चिठ्ठी लिहायचं पान उघडायचा आणि काही न पाठवता निघून जायचा.

"कुलपं चाचपतोय," डेल्मर म्हणाला. दुपारी तो काउंटीच्या रस्त्यांच्या कामावर असतो. धुण्याचं मशीन तळघरातच, कॉम्प्युटरच्या शेजारी. तेव्हा पाळत ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

बाहेरचा माणूस जे टाइप करतो ते आमच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर उमटतं, खोडलेलंसुद्धा. येणारे हे विसरतात. मी चादरींच्या घड्या घालत होते आणि बगळ्याचं पान उघडलं. 'डेल, शनिवारच्या आधी' इतकं उमटलं आणि मागून एकेक अक्षर गळत गेलं. पुन्हा आलं, 'डेल, तुला खरं वाटणार नाही, पण'. तेही गेलं. डेल्मरला डेल म्हणणारा माणूस जगात एकच आहे.

मालकाने मध्येच बोलायचं एक बटण असतं. ते दाबून मी लिहिलं, "ऑरिन, मी आर्लिस. खोडू नकोस."

बराच वेळ काही आलं नाही. हाकल्या आता लाइन तोडतो की काय अशी मला धास्ती वाटली. मग अक्षरं यायला लागली.

"त्याच्या शनिवारच्या प्रोग्रामला बत्तीस हजारांच्या थोडंसंच पुढे मोजता येतं. मी नेऊन तपासला. निरोपांचा आकडा या आठवड्यात तिथे पोचतोय. त्यापुढे त्याला वाटणार की आकडा शून्याच्या खाली गेला, म्हणजे सगळंच शिळं. सगळं झाडून टाकील तो."

"मग सरळ सांग की त्याला."

"मी सांगितलं तर तो मुद्दाम चालवेल."

रात्रीच्या जेवणाला मी हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं खिम्या-भाजीचं कालवण, वाढलं, वर बटाट्याचे गोळे जरा जास्तच घातले, आणि आडून आडून विषय काढला. डेल्मरने काटा खाली ठेवला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. खरं की खोटं ते बघ."

"आर्लिस, तुला व्हीसीआरचं घड्याळ लावता येत नाही."

मला राग आला, आणि रागात मी नाव सांगून बसले. मग काय, सगळं त्याच्या मनासारखंच जुळलं. डेल्मर म्हणाला, बगळा तोच. हिवाळाभर तो रोज आपल्या घरात शिरत होता. आता मला माझा प्रोग्राम काढायला लावून त्याला स्वतःचा परत घुसवायचाय. मी म्हटलं, निदान एका नकलेवर चालवून बघ. तो म्हणाला, त्याच्या तालावर मी नाचणार नाही.

शनिवारी सकाळी त्याने प्रोग्राम चालवला. मग दर शनिवारसारखी बोर्डाची नक्कल फ्लॉपींवर उतरवून घेतली, गेल्या आठवड्याच्याच फ्लॉपींवर, जुनं पुसून. आणि मग बोर्ड उघडला. आत एकही निरोप नव्हता. फ्लॉपींवरही आता तेच होतं, म्हणजे काहीच नाही.

तो वर आला आणि मोरीत किती वेळ हात धूत राहिला.

"इर्माच्या कृतीपण गेल्या," एवढंच म्हणाला. सांगितलं होतं ना, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि ऑरिनला फोन केला.

रविवारी चर्च सुटल्यावर ऑरिन आला. पावाच्या रिकाम्या पिशवीत फ्लॉपी भरून आणल्या होत्या. पायरीवरच उभा राहिला. डेल्मर जाळीच्या दाराआड.

"सुरुवातीपासूनचं सगळं आहे," ऑरिन म्हणाला. "पानगळीपर्यंतचं माझ्याकडे होतंच. पुढचं मावसबहिणीच्या घरून रोज उतरवून घेत होतो."

"कशाला?"

"वाचायला. दुसरीकडे कुठे जाऊ?"

डेल्मरने पिशवीकडे पाहिलं. "यात काय घालून आणलंयस?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ऑरिनचे कान लाल झाले. "वाचून बघ," तो म्हणाला. पिशवी कठड्यावर ठेवून तो गाडीकडे चालायला लागला. आत ये, कॉफी तरी घे, हेही मला सुचलं नाही.

सोमवारी डेल्मर कामावर गेला नाही. निरोप परत बोर्डावर चढवून तो एकेक वाचत बसला, ऑरिनने कुठे काय बदललंय ते शोधत. ट्रॅक्टरचे पंप वाचले, बर्फाची भांडणं वाचली, इर्माच्या कृती वाचल्या. दुपारी मी कॉफी घेऊन खाली गेले तर तो एका निरोपापाशी थांबला होता. तो त्याचा स्वतःचाच होता. मित्र म्हणून घरात घेतला आणि त्याने घरच फोडलं, कुणी वापरू नका. त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

"हा त्याने ठेवला," डेल्मर म्हणाला. "बोर्डावर काहीच उरलं नव्हतं, आर्लिस. हा एवढा गाळला असता तर कुणाला कळलं असतं?"

त्याचं बोट खोडायच्या बटणावर गेलं.

"खोडू नकोस," मी म्हटलं. "खाली लिही."

त्याने लिहिलं. खोडलं. परत लिहिलं, परत अक्षरं मागून गळत गेली. चादरींच्या घड्या घालताना मी जे पाहिलं होतं तेच मी आता त्याच पडद्यावर बघत होते.

तेवढ्यात मोडेम किंचाळला. नाव उमटलं, निळा बगळा. डेल्मरने मध्येच बोलायचं बटण दाबलं आणि लिहिलं, "ऑरिन". पुढे त्याला काही सुचेना. पलीकडूनही काही येईना. खोपटीत ही दोघं बर्फातल्या भोकाकडे बघत दिवसभर बसायची, एक शब्द न बोलता, आणि दिवस फार छान गेला म्हणून घरी यायची. पण इथे हाकल्याला ते कोण सांगणार? पडद्याच्या कोपऱ्यात त्याची ताकीद लुकलुकायला लागली, बोट हलवा, नाहीतर लाइन तोडतो.

डेल्मरने हात पुढे केला आणि हाकल्याला बंद केलं.