गोडाचा घास

आमच्या तिघींच्या डाएटची मुकादम मीच. नाव वर्षाराणी, वजन चौऱ्याऐंशी किलो, त्यामुळे हा मान मला कोणी दिला नाही, मीच घेतला. दवाखान्यातल्या सिस्टरने तिघींना शुगर निघाल्यावर एकसारखा छापील कागद दिला होता. दोन वेळा एकेक भाकर, भाजी भरपूर, चहा बिनसाखरेचा, भात आणि गोड बंद, उपाशी मात्र राहायचं नाही. सकाळी कारंजा रोडने तासभर चालायचं आणि चालता चालता काल काय खाल्लं ते खरं सांगायचं, हा नियम माझा. नीलिमा दर दोन दिवसांनी भात खाल्ल्याचं कबूल करायची. चतुराबाई कधीच चुकली नाही.

तिला कारण होतं. तिचा नवरा जगदेव तीन वर्षं लकव्याने अंथरुणाला खिळलेला. त्याला उठवून बसवणं, आंघोळ घालणं, भरवणं, सगळं तिच्याच हातून. "मी पडली तं यायले कोण पाहीन?" एवढंच ती म्हणायची. चार महिन्यांत सात किलो उतरली. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग जगदेव गेला, आणि आमचं चालणं थांबलं.

तेरवीच्या दुपारी अंगणात मांडवाखाली पंगत बसली. आमच्याकडे माहेरच्या माणसाने गोडाचा घास भरवल्याशिवाय बाईचा दुखवटा सुटत नाही. चतुराबाईचा भाऊ बुंदीचा लाडू घेऊन तिच्यापुढे बसला. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, मला शुगर आहे, वर्षाराणीने गोड बंद केलंय.

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. एक म्हातारी तर, असलं कसलं मेलं डाएट, म्हणून मलाच बोलली. मला मात्र क्षणभर अभिमान वाटला, की बघा, आमची बाई आजच्या दिवशीही कागद सोडत नाही. इतकी मी शहाणी.

तेवढ्यात तिच्या कपाळावरचा घाम दिसला. मांडवात सावली होती, वारा होता, आणि तिची बोटं थरथरत होती. परगावाहून आलेली तिची सून वाढता वाढता माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली की सासूबाई चार दिवसांपासून ताटावर नुसत्या बसून उठतात, गोळी मात्र रोज घेतात. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, जीवही जाऊ शकतो, हे आम्हा तिघींना सिस्टरने दहादा बजावलं होतं. चतुराबाईलाही माहीत होतं. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला, आणि भीतीही वाटली.

मी ताटावरून उठून तिच्यासमोर बसले. "चालताना कदी खोटं बोलली नाहीस. आता काहून बोलून राह्यली?"

तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "कोनासाठी खाऊ वो? ज्यायच्यासाठी वजन उतरवलं, ते तं गेले."

 

"माह्यासाठी खा," मी म्हटलं. "तुमा दोघीले वाटते मीच तुमाले चालवतो. तसं नाही हाय. तू रोज माह्या दारात उभी राह्यते म्हणून मी उठतो, चतुरा. तू गेली तं मी खाटेवर लोळूनच मरन."

हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. पंगतीत सांगावं लागेल असंही वाटलं नव्हतं.

तिच्या भावाच्या हातून लाडू घेतला आणि त्याचे तीन तुकडे केले. नीलिमाने न बोलावता हात पुढे केला. तिने एक खाल्ला, एक मी खाल्ला, आणि तिसरा मी चतुराबाईच्या ओठांशी धरला. तिने आमच्या दोघींच्या चालत्या तोंडांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. घास तिने खूप वेळ चावला, रडत रडतच. सुनेने वरण-पोळी आणली, त्यातली अर्धी पोळी गेली. घाम हळूहळू वाळला.

मला मात्र चार महिन्यांनी गोड मिळालेलं. तुपातली बुंदी जिभेवर विरघळली आणि माझा हात मला न विचारता परातीकडे गेला. दुसरा लाडू उचललाही. तोच चतुराबाईने माझं मनगट पकडलं. 

"बस," ती म्हणाली. "तुही शुगर किती हाय, मले मालूम हाय."

लाडू परातीत ठेवताना मला रडूच फुटलं. लाडवासाठी रडले म्हणून नीलिमा मला आजही चिडवते.