मिस लुवेनियाच्या बोटावरचे शहाण्णव

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. साथीच्या दिवसांत माझे भाऊबंद तुमच्याही घरी येऊन गेले असतील. माझा मुक्काम मात्र अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागातल्या पहिल्याच टेबलावर असतो. येणाऱ्या माणसाच्या बोटाला आधी मी भेटतो, डॉक्टर नंतर. या मानाचा मला फार गर्व होता.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझे काम सोपे आहे. नखातून तांबडा उजेड आत सोडायचा, रक्तातला प्राणवायू ओळखायचा आणि आकडा दाखवायचा. आम्हाला हे शिकवण्यासाठी कारखान्यात माणसे बोलावली होती. आम्ही बोटांमागून बोटे पाहिली. गोरी, गुलाबी, उन्हाने थोडी रापलेली. काळी बोटे दोनच आली, तीही शेवटच्या दिवशी. "पुरे झालं," साहेब म्हणाले, "बोटं काय, सगळ्यांची सारखीच." ते ऐकून मला बरे वाटले होते. किती मोठ्या मनाचा माणूस, असे मी समजलो होतो.

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. मेरिडिथ नावाची गोरी नर्स मला खिशात घालून फिरायची. "हा माझा सगळ्यात भरवशाचा," असे ती नव्या मुलींना सांगायची. मेरिडिथ वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. कोणाही रडणाऱ्याला ती आपला रुमाल काढून द्यायची.

जानेवारीतल्या एका दुपारी मिस लुवेनिया प्रुइट आल्या. वय एकसष्ट, शाळेची बस चालवायच्या. चार दिवसांचा ताप, आणि श्वास पुरत नव्हता. पण अंगावर रविवारी चर्चला घालायचा जांभळा कोट, डोक्यावर पिसाची हॅट, ओठांना लाली आणि नखांना जांभळा रंग. सोबत त्यांची मुलगी जॅनेल होती.

"आई, दवाखान्यात आलोय आपण, ईस्टरच्या सणाला नाही," जॅनेल कुजबुजली. "धड उभं राहवत नाही आणि नखं रंगवत बसलीस!"

"तुझी मावशी गाऊनवर आली होती ना, बसवली की नाही तिला चार तास बाकावर? फुकट औषधं मागायला आलीय, असंच वाटलं त्यांना. हॅट असली की निदान बाई म्हणून बघतात. आणि आवाज खाली ठेव. आपला आवाज चढला की त्यांना आजार दिसत नाही, भांडण दिसतं."

मेरिडिथने हसून त्यांचे स्वागत केले. "वा, मिस लुवेनिया, काय झकास हॅट आहे! कसं वाटतंय?"

"बरं आहे तसं," मिस लुवेनिया सवयीने म्हणाल्या. मग दम घेऊन हळूच म्हणाल्या, "जरा श्वास कमी पडतोय, ताई. तुम्हाला त्रास नको म्हणून येत नव्हते."

मेरिडिथने कापसाने त्यांच्या एका नखाचा रंग पुसला. नखांच्या रंगाने माझा आकडा चुकतो, हे तिथे सगळ्यांना पाठ होते. कातडीच्या रंगाचे कोणी विचारले नव्हते. मग तिने मला त्या काळ्या, थंडगार बोटाला लावले. मी मन लावून पाहिले. जसे शिकवले होते तसेच पाहिले आणि शहाण्णव दाखवले.

चौऱ्याण्णवच्या खाली आले तरच ठेवून घ्यायचे, असा तिथला नियम होता. डॉक्टरांनी दारातूनच आकडा ऐकला. "शहाण्णव? उत्तम आहे. खोकल्याचं औषध द्या, घरी आराम करू दे."

"अहो, पण रात्रभर ती बसून आहे, आडवं होता येत नाही तिला," जॅनेल म्हणाली. तिचा आवाज चढलाच. दाराशी उभा असलेला रखवालदार दोन पावले पुढे आला.

मिस लुवेनियांनी मुलीचा हात दाबला. "चल, पोरी. यंत्र खोटं कशाला बोलेल?"

मित्रांनो, हे वाक्य मला आजही टोचते.

दोन दिवसांनी त्यांना रुग्णवाहिकेतून आणले. या वेळी हॅट नव्हती. झोपताना बांधायची साटीनची टोपी तशीच डोक्यावर होती. नऊ नखांवर जांभळा रंग होता आणि एक नख कोरे. टेबलाशी डोरेथा होती, तीस वर्षे तिथे राबलेली काळी नर्स. मी ब्याण्णव दाखवले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांचा खालचा ओठ दुमडून हिरड्या पाहिल्या. त्या निळ्या पडल्या होत्या.

"हा मेला आपल्या माणसांशी नेहमीच गोड बोलतो," ती ओरडली. "मनगटातून रक्त घ्या, आत्ता!"

रक्ताचा खरा आकडा एकोणऐंशी निघाला. तिसऱ्या दिवशी मिस लुवेनिया गेल्या.

जॅनेल कपडे न्यायला आली तेव्हा टेबलाशी थांबली. "त्या दिवशीचा आकडा बरोबर होता का? एवढंच सांगा मला." मेरिडिथने रडत रडत आपला रुमाल तिच्या हातात दिला. तक्रार वर गेली, म्हणून मला तपासायला एक तंत्रज्ञ आला. त्याने मला स्वतःच्या गुलाबी बोटाला लावले. अठ्ठ्याण्णव. "यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवून गेला. डोरेथाने टेबलामागच्या भिंतीवर कागद लावला होता, 'आकड्याआधी माणूस बघा.' भिंती स्वच्छ ठेवायच्या म्हणून आठवड्याभरात तो काढला गेला. पुढे डोरेथाही निवृत्त झाली. काळ्या कातडीवर आम्ही आकडा वाढवून दाखवतो, ही माझ्यासारख्यांची चूक मोठ्या लोकांना ठाऊक आहे म्हणे. सभा होतात. मी मात्र इथेच आहे.

माझी निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी निगा चोख राखली जाते. मला रोज पुसतात, माझे सेल वेळेवर बदलतात, मी जरा गप्प झालो तर सगळे धावतात. यातले निम्मे मिस लुवेनियांच्या वाट्याला आले असते, तर त्या आज बस चालवत असत्या. म्हणून विनवतो, मित्रांनो, समोरचा माणूस श्वास पुरत नाही म्हणाला, तर माझ्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा. माझ्या टेबलाशी हे कोणी ऐकत नाही, निदान तुम्ही तरी ऐका.

आज सकाळी एक काळे आजोबा आले आहेत. जुन्या कोटाला इस्त्री आहे, बूट चकचकीत आहेत. "बरं आहे तसं," ते हळू आवाजात म्हणतात आणि बोट पुढे करतात. मेरिडिथ मला उचलते. मी मन लावून पाहतो. मला ओरडता येत नाही, फक्त आकडा दाखवता येतो.

शहाण्णव.