निळीच्या रांजणातला पाटील

वाचनालयात इतिहासाचं व्याख्यान आहे म्हटल्यावर आकाराम हवालदाराने दुपारीच फेटा बांधून ठेवला. त्र्याहत्तर सालचा दसरा नुकताच सरला होता. साताऱ्याहून एक प्राध्यापक गावाचे जुने मोडी कागद वाचून दाखवणार होते. त्या कागदांत आपल्या घराण्याचा मूळपुरुष सयाजी पाटील असणारच, याची आकारामला खात्री होती. सयाजीने एकट्याने वेशीत उभं राहून चाळीस पेंढारी पिटाळले, हे तो पलटणीतून सुट्टीवर आला की दर खेपेला ऐकवायचा.

"चल रं, आज तुझ्या कानानं ऐक," म्हणत त्याने बादशहा रंगाऱ्याला दुकानातून उठवलं.

बादशहा रंगाचे हात पुसत निघाला. सयाजी पाटलाची गोष्ट त्याच्याही घरात चालत आलेली होती. पण ती जरा निराळी होती, आणि दोस्तीखातर त्याने ती तीस वर्षं पोटातच ठेवली होती.

दोघे पुढच्या बाकावर बसले. प्राध्यापकांनी चष्मा पुसून कागद उलगडला. "पेंढारी आले त्या दिवशी सयाजी पाटील सापडेना. ते निघून गेल्यावर पाटील रंगाऱ्याच्या निळीच्या रांजणातून बाहेर निघाला. महिनाभर त्याचा रंग उतरला नाही, असं कुलकर्ण्याने लिहून ठेवलंय."

सभा खदखदून हसली. बादशहालाही उकळी फुटली होती; त्याच्या घरातली गोष्टही हीच होती. पण शेजारी बघितलं तर आकारामची मान छातीला टेकलेली. दोन लढाया बघून आलेला गडी पोरासारखा ओठ चावत होता. बादशहाने हसू गिळलं. तो ताडकन उठला.

"सर, कागद खरा हाय, पर अर्धा हाय. पेंढारी गेले कशापायी, ते इचारा की! आमच्या खापरपणज्यानं पाटलाला निळीत बुचकळून काढला. असला निळा गडी बोंबलत वेशीवर गेला, तवा 'भूत, भूत' करत पळाले ते!"

"पण कुलकर्ण्याने तसं लिहिलेलं नाही."

"आवं, त्यो सोता कणगीत लपला हुता. त्याला काय दिसणार?"

पुन्हा हशा पिकला. "वा! तोंडी परंपरा!" म्हणत प्राध्यापकांनी पेन काढलं आणि बादशहाचं पूर्ण नाव विचारून सगळं टिपून घेतलं. टाळ्यांत आकारामची मान हळूहळू वर आली.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "एवढी गोष्ट ठावी हुती, अन् कवा बोलला न्हाईस?"

"तू बोलू कवा दिलंस?"

दोघे कोंडीबाच्या हॉटेलात शिरले. चहा येईस्तोवर आकारामच्या तोंडी पेंढारी चाळीसाचे दोनशे झाले होते, आणि सयाजीच्या हातात तलवारही आली होती.

"आन् रंगारी काय करत हुता तवा?" कोंडीबाने विचारलं.

आकारामने फेटा सारखा केला. "त्यानं रांजणाचं झाकण काढलं. तेवढी मदत झाली त्याची."

बादशहाने बशीतला चहा शांतपणे संपवला आणि मिशी पुसली.

"कोंडीबा," तो म्हणाला, "भजी आण दोन प्लेटी. हवालदार लय खुशीत हायती, पैसं तेच देणार हायती."