देवमाशीण माहेरी

रत्नागिरीच्या समुद्रात दिसलेल्या देवमाशिणीचा फोटो संयोगिता कराचीच्या संशोधिकेला धाडत होती. तेवढ्यात तिच्या वडिलांनी, कुंडलच्या निवृत्त सुभेदार जोतिबांनी, लॅपटॉप मिटला.

“सीमेवर तणाव हाय. तिकडं काय बी जायचं न्हाई.”

“आबा, गेल्या साली तिकडं एकटी दिसलेली ती हीच का, हे शेपटीच्या खुणा जुळवल्यावर कळंल. मग दोन्हीकडं तिच्या वाटेतली कोळ्यांची जाळी आवरता येतील. आता पिल्लू हाय संगं.”

सुभेदार विचारात पडले. “बाळंतपणाला हिकडं आली?”

“तसंच दिसतंय.”

“मग माहेर आपलं.” त्यांनी लॅपटॉप उघडला. “धाड. भांडण कितीबी असू दे, बाळंतपणाची खबर सासरला द्यावीच लागती.”

फोटो गेला.

“आन् खाली लिही,” सुभेदारांनी बजावलं, “सव्वा महिना न्यायला येऊ नका.”