नकाशातलं भोक

“टाचणी बसत नाही हो काकू, जरा जाड असली तर द्या,” भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहून पोस्टमन म्हणाला.

काकूंनी शिवणयंत्र थांबवलं आणि मनगटावरच्या गादीतून एक टाचणी काढून दिली. तीही निसटून खाली पडली.

नकाशा त्यांच्या दुकानात लागला तेव्हा लढाई महिन्याभरात आटपेल असं सगळेच म्हणत होते. त्याला आता वर्षं झाली. निवृत्त पोस्टमन आणि शेजारचा घड्याळजी रोज दुपारी येऊन बसत. आपल्या टाचण्या लाल, पलीकडच्यांच्या पांढऱ्या. पोस्टमन म्हणे आपण जिंकतोय, घड्याळजी म्हणे हरतोय. पोस्टमनने उद्या हरतोय म्हटलं असतं तर हा जिंकतोय म्हणाला असता. गल्ली त्याला उलटकाटे म्हणे ते काही उगीच नाही. दोघांच्या वादात काकू कधी पडल्या नाहीत. काम करताना टाचण्या तोंडात धरायची त्यांची जुनी सवय होती. तोंडात टाचण्या असल्या की कुणी मत विचारत नाही.

नदीपलीकडे, पुलाच्या गावात त्यांची लेक दिली होती. तेव्हा सरहद्द म्हणजे एक आडवा लाकडी दांडा आणि शेजारी पेंगणारा शिपाई. सकाळच्या बसने जावं, लेकीकडे जेवावं, दिवेलागणीला घरी. लग्नात हाच पोस्टमन घामाघूम होईस्तोवर नाचला होता. “आजी झालात हो!” हेही त्यानेच रस्त्यावरून ओरडून सांगितलं होतं. मग टपाल बंद झालं, फोन लागेनासा झाला. हळूहळू गल्लीत लेकीचं नाव कुणी काढेना. काकूही काढीनात.

फक्त दरवर्षी नातीसाठी एक फ्रॉक शिवत. शेवटचं माप पोर नुकती चालायला लागली तेव्हाचं. पुढचं सगळं अंदाजाने. लेक या वयात केवढी होती ते आठवायचं आणि पुढे उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीत माया जरा जास्त सोडायची. शिवलेले फ्रॉक कपाटात जात.

पोस्टमन आज खुशीत होता. पुलाचं गाव आपण घेतलं, रेडिओवर सांगितलं होतं. उलटकाटे म्हणाला, घेतलं तर घेतलं, ते परत घेतील, मागेही घेतलंच होतं. चहाची पैज लागली. घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं, असं करता करता तिथे इतक्या टाचण्या टोचल्या गेल्या होत्या की गावाच्या जागी भोकच पडलं होतं, बोट जाईल एवढं.

काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

“भाऊ, पुलापासची घरं आहेत का हो अजून?”

पोस्टमनने वाकून खाली पडलेली टाचणी उचलली. लेकीच्या पाकिटांवरचा पत्ता त्याला अजून पाठ होता.

“रेडिओवर घरांचं काही सांगत नाहीत, ताई,” तो म्हणाला. एरवी तो काकूच म्हणायचा.

“असतील की,” उलटकाटे म्हणाला. “दगडी बांधकाम आहे तिकडचं.”

या वेळी पोस्टमनने वाद घातला नाही. दोघेही चपला शोधत उठले, चहा न घेताच गेले.

दुकानात एकट्या उरल्यावर काकूंना ते भोक बघवेना. फाटलेलं समोर असलं की त्यांचा हात शिवशिवायचा. त्यांनी नकाशा उतरवला. यंदाच्या फ्रॉकचं निळ्या फुलांचं एक कापड उरलं होतं. त्याचा तुकडा कापून खळ लावून मागून चिकटवला, वरून इस्त्री फिरवली. नकाशा पुन्हा जागेवर टांगला. गावाच्या जागी आता एक निळं फूल दिसत होतं.

दोनचार दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी दोघे आले. गाव पलीकडच्यांनी परत घेतलं होतं. पैजेचं कुणी बोललं नाही. उलटकाटे बराच वेळ नकाशापुढे घुटमळला, त्याने काकूंकडे पाहिलं, आणि सवयीने हात पुढे केला. काकूंनी गादीतून पांढरी टाचणी काढून दिली.

मागे कापड असल्यामुळे ती पहिल्याच दाबात घट्ट बसली.