दहाव्याला कबूल केलेली परीक्षा

माझ्या बायकोच्या, सुलेखाच्या दहाव्याला पैठणला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

कावळे होते. समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, हे सगळ्यांना माहीत होतं. मग कबुल्या सुरू झाल्या. मेहुणा शिवराज हात जोडून म्हणाला, "अक्का, मी तंबाखू सोडतो." कावळा हलला नाही. सासरे नानासाहेब म्हणाले, "बाई, मी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतो." नाही. सुलेखाच्या आत्या दगडाबाई म्हणाल्या, "मी शिवराजच्या बायकोशी बोलायला लागते." त्यावर शिवराजची बायकोच दचकली, कावळा नाही.

गुरुजींच्या मागं दुसरी मंडळी थांबली होती. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात शिवराज माझ्या कानाला लागला. "दाजी, ती परीक्षा."

मी वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा दिली की वर जाता येतं, असं सुलेखा कायम म्हणायची. मी ड्युटीवर असताना तिनंच माझा ऑनलाइन अर्ज भरला होता. मी हात जोडले आणि म्हणालो, "सुलेखा, मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा पास होईन."

"कसली?" गुरुजींनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. कावळा खाली आला आणि भाताला चोच मारली.

तेव्हापासून ती परीक्षा माझी राहिली नाही. नानासाहेब पाचोडहून पिशवी घेऊन बजाजनगरला माझ्याकडं राहायला आले. दुसऱ्या दिवशी दगडाबाई आल्या. वर्षश्राद्धाच्या आत मी पास झालो नाही तर सुलेखा मधेच लटकणार, असं दोघांचं ठरलं होतं. पाचोडच्या बाजारात मला एका अनोळखी माणसानं अडवलं आणि विचारलं, "अभ्यास कुठवर आला?" मी म्हणालो, चालू आहे. तो म्हणाला, "चालू आहे म्हणून कसं भागंल, पाव्हणं? ती बाई खोळंबली ना तिकडं."

मी कामावरून आलो की सराव प्रश्न व्हायचे. शिवराजही यायचा, इंग्रजी वाचून त्या दोघांना कळावं म्हणून मराठीत सांगायचा.

"प्रकल्पातला एक महत्त्वाचा माणूस मीटिंगला यायचा बंद झाला. मॅनेजरनं आधी काय करावं?"

"रुसलाय त्यो," दगडाबाई म्हणाल्या. "मानाचं बोलावणं गेलं नसंल."

"थेट जायचं नाय," नानासाहेब म्हणाले. "मधी कुणीतरी वजनदार माणूस घालायचा."

"आन जाताना मोकळ्या हातानं जायचं नाय," दगडाबाईंनी जोडलं.

शिवराजनं उत्तर बघितलं. "पुस्तकात म्हणतेत, आधी आराखडा तपासा."

"पुस्तकवाल्याच्या घरी लगीनकार्य झालेलं दिसत नाय," दगडाबाई म्हणाल्या.

त्यांचं ऐकून ऐकून मी तशीच उत्तरं द्यायला लागलो आणि माझे गुण घसरले. शिवराजनं दोघांना स्वयंपाकघरात बसायला लावलं. तिथूनही दगडाबाईंचा आवाज यायचा, "आधी जेवू घाला त्याला." पण गुण परत वर आले. चांगले आले. तरी मी परीक्षेची तारीख घेत नव्हतो.

"दाजी, तारीख काऊन घेत नाय?" शिवराजनं विचारलं.

"एक धडा कच्चा आहे."

"कोणता?"

मला कोणताच आठवला नाही. खरं म्हणजे मला वाटायचं, लटकली असेल तर लटकू दे. लटकलेलं माणूस कुठंतरी असतं. मी पास झालो की ती जाणार. मग आम्ही कुणासाठी अभ्यास करायचा?

हे मी कुणाला बोललो नव्हतो. दगडाबाई भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "तुला ती हितं पायजे, मला कळतंय. पर तिचा इचार कर. उभी आसंल ना ती."

सुलेखाला वाट बघत उभं राहायचा फार कंटाळा. बस जरा उशीर करायला लागली की ती रिक्षा बघायला निघायची. मी जेवण झाल्यावर तारीख घेतली.

परीक्षा घरूनच होती, लॅपटॉपवर. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. सकाळी नानासाहेब, दगडाबाई आणि शिवराज बाहेर जिन्यासमोर खुर्च्या टाकून बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई कुकर लावणार होत्या, त्यांना दगडाबाईंनी शिट्टी काढून ठेवायला लावली.

लॅपटॉपमधून निरीक्षक बोलला. कुठला होता कळलं नाही, पण अदबीनं बोलत होता. चारी भिंती दाखवा म्हणाला. मी लॅपटॉप फिरवला.

"थांबा सर. त्या कोण आहेत?"

भिंतीला सुलेखाचा फोटो होता, हार घातलेला.

"माझी बायको."

"खोलीत दुसरी व्यक्ती चालत नाही, सर."

"ती वारलीय."

तो म्हणाला, वरिष्ठांना विचारतो. परत आला. "माफ करा सर. त्या कॅमेऱ्यात दिसतायत. त्यांना बाहेर न्यावं लागेल."

मी फोटो काढला आणि दार उघडलं. तिघंही उठले.

"झाली?" नानासाहेब म्हणाले.

"सुरू नाही झाली. सुलेखाला बाहेर बसवायला सांगतायत."

दगडाबाईंनी आपली खुर्ची पुसून पुढं केली. नानासाहेबांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि तिला आपल्या शेजारी बसवलं. "जा तुम्ही," ते म्हणाले. "आमच्यात हाये ती."

मी आत येऊन कडी लावली.

"आता खोलीत तुम्ही एकटेच आहात ना, सर?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा, सर. रेकॉर्डिंग होतंय."

मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. तो थांबला. घाई केली नाही त्यानं.

"हो," मी म्हणालो. "एकटाच आहे."

"धन्यवाद. सुरू करा."

मी पास झालो. स्क्रीनवर तसं आलं. निरीक्षकानं अभिनंदन केलं आणि तोही गेला. मी दार उघडलं. नानासाहेबांचा हात अजून फोटोच्या खुर्चीवर होता.

"पास," मी सांगितलं.

नानासाहेबांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"सुटली पोर," दगडाबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ उभ्याच होत्या. मग वर तोंड करून त्यांनी हाक मारली, "बाई, लाव तुझा कुकर."